कट केलेला मजकूर जातो कुठे?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी कॉपी-पेस्टचीच निघाली, त्यामुळे प्रिंटरवाल्यांनी आणि वायफायवाल्यांनी थोडं थांबा, तुमचा नंबर पुढच्या अंकात. पत्रं जरा छाटलीत, नावं काढलीत.

डोंबिवलीहून एका सोसायटीचे सेक्रेटरी लिहितात: वार्षिक सभेची नोटीस वर्डमध्ये टाइप करत होतो. खालचे दोन परिच्छेद वर घ्यायचे म्हणून कट केले, तेवढ्यात खजिनदारांचा फोन आला, त्यांना अकाउंट नंबर हवा होता, तो दुसऱ्या फाइलमधून कॉपी करून पाठवला. परत येऊन पेस्ट केलं तर नोटिशीत अकाउंट नंबर! मुलगा म्हणतो क्लिपबोर्डवर बघा. आता हा क्लिपबोर्ड उघडायचा कुठून?

काका, तुमचे परिच्छेद क्लिपबोर्डवरून गेले पण वर्डमधून गेलेले नाहीत, हे आधी लक्षात घ्या, म्हणजे घाम पुसता येईल. क्लिपबोर्ड ही मेमरीतली एक जागा, आणि तिच्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. नवीन काही कॉपी केलं की आधीचं पुसलं जातं, ना विचारणं ना सांगणं. पण वर्डला तुम्ही काय काय केलंत ते आठवत असतं, म्हणून कंट्रोल-झेड दाबत जा, परिच्छेद जागेवर परत येतील.

आता तुम्ही म्हणाल की मधे मी अजून अर्धं पान टाइप केलंय, ते पण जाईल की! नाही जाणार. परिच्छेद दिसेपर्यंत कंट्रोल-झेड, दिसले की सिलेक्ट करून फक्त कॉपी करा, कट नाही आणि एकही अक्षर टाइप करायचं नाही, मग कंट्रोल-वाय दाबत दाबत पुढे या, अर्धं पान परत येईल, मग हवं तिथे पेस्ट. मधे एखादा स्पेस जरी टाइप झाला तरी पुढे यायचा रस्ता बंद होतो, तेवढं सांभाळा. आणि फाइल बंद करून पुन्हा उघडली असेल तर मात्र ही युक्ती संपली, कारण फाइल बंद झाली की ही आठवण पण गेली.

आणि पुढच्या वेळेसाठी आत्ताच एक काम करून ठेवा. कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरून व्ही दाबा. पहिल्यांदा दाबलं की हिस्टरी चालू करू का असं विचारेल, चालू करा. तिथून पुढे जे जे कॉपी-कट कराल त्याची यादी ठेवली जाते, शेवटच्या २५ गोष्टींची, आणि विंडोज-व्ही दाबून यादीतल्या हव्या त्या ओळीवर क्लिक केलं की ती पेस्ट होते. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर बहुतेक असणारच, फक्त कोणी चालू केलेली नसते. चालू करण्याआधीचं काही त्यात सापडत नाही, म्हणून आजचे परिच्छेद तिथे शोधू नका. एक वस्तू ४ एमबीपेक्षा मोठी असेल तर ती घेत नाही, पण नोटिशीला ४ एमबी म्हणजे समुद्र झाला.

यात एक मोठी मेख आहे, कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की यादी साफ. लाइट गेली तरी साफ. यादीत ओळीपुढे पिनची खूण असते, ती ज्या ओळीला लावली असेल तेवढी राहते. म्हणून क्लिपबोर्डवर आहे म्हणजे सेव्ह आहे असं कोणी समजू नका, अगदी हिस्टरी चालू असली तरी. मी स्वतः एकदा अख्खा लेख कट केला, नवीन फाइल उघडली आणि पेस्ट करायच्या आधी चहाला गेलो, आल्यावर इन्व्हर्टर बसलेला. तेव्हापासून मोठा मजकूर मी कट करतच नाही. आधी कॉपी, पेस्ट झाल्याचं डोळ्यांनी बघायचं, मग मूळ ठिकाणचं डिलीट. दोन बटणं जास्त दाबावी लागतात, लागू देत.

साताऱ्याहून एक आजोबा: नातवाचे फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायला कट केले आणि चुकून मधेच दुसरं काहीतरी कॉपी केलं. दोनशे फोटो गेले का हो?

आजोबा, एकही गेला नाही. फाइल कट केली की विंडोज ती हलवत नाही, नुसती खूण करून ठेवतं, म्हणून ती फिकट दिसते, आणि पेस्ट केल्यावरच हलते. मधे दुसरं काही कॉपी केलंत तर खूण पुसली जाते इतकंच. जुन्याच फोल्डरमध्ये बघा, तिथेच असतील. एक्सेलमध्ये पण असंच, कट केलेल्या चौकटीभोवती ती मुंग्यांसारखी रेघ पळत असते तोवर माल मूळ जागीच असतो. वर्डमध्ये मात्र कट म्हणजे ताबडतोब गायब, त्यामुळे सगळा गोंधळ.

कोल्हापूरहून एक शिक्षिका: प्रश्नपत्रिका करताना चार ठिकाणांहून प्रश्न घेते. पेस्ट केलं की एक प्रश्न निळा, एक मोठा, एकामागे पिवळा रंग. सरळ करण्यात तास जातो.

ताई, आपण कॉपी करतो तेव्हा क्लिपबोर्डवर एकाच मजकुराची दोन-तीन रूपं ठेवली जातात, एक नुसती अक्षरं आणि एक रंग, आकार, लिंक अशा सगळ्या सजावटीसकट. पेस्ट करताना समोरचा प्रोग्राम त्यातलं त्याला आवडेल ते उचलतो, आणि वर्डला सजावट आवडते. तोच मजकूर नोटपॅडमध्ये टाकला तर साधा येतो कारण नोटपॅड नुसती अक्षरं उचलतं. म्हणून जुने लोक आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून तिथून परत कॉपी करायचे, अजूनही चालतं. सोपं म्हणजे वर्डमध्ये पेस्ट केल्या केल्या कंट्रोल एकदा दाबून सोडा आणि मग टी दाबा, सजावट गळून पडते. नवीन वर्डमध्ये आणि क्रोममध्ये थेट कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की साधाच मजकूर येतो. फक्त तक्ता असेल तर असं करू नका, रेघा जातात आणि जोड्या लावा-च्या प्रश्नातल्या जोड्या जुळेनाशा होतात.

नाशिकहून एका वाचनालयाचे कार्यकर्ते: पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेच्या फाइल मिळाल्या. वर्डमध्ये स्वच्छ मराठी दिसते पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की इंग्रजी अक्षरांची भेळ. क्लिपबोर्ड खराब आहे का?

तुमच्या प्रश्नावर मी थोडा जास्त बोलणार आहे कारण हे दुखणं महाराष्ट्रातल्या प्रत्येक छापखान्यात आणि निम्म्या ऑफिसांत आहे. दादा, क्लिपबोर्ड खराब नाही, उलट तोच एकटा खरं बोलतोय! त्या फाइलमध्ये मराठी नाहीच आहे. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट असे बनवले होते की आत इंग्रजी अक्षर आणि वर मराठीचं चित्र. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलच्या आत ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा बसलेला असतो, फॉन्टने त्यावर मराठीचा अंगरखा घातलेला. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमधून फॉन्ट जात नाही, नुसती अक्षरं जातात, त्यामुळे अंगरखा उतरला आणि आतलं उघडं पडलं. श्रीलिपी वगैरे जुन्या फॉन्टांची पण हीच कथा, प्रत्येकाची आतली मांडणी तेवढी वेगळी.

उपाय म्हणजे हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घेणं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, जुना मजकूर एका खिडकीत पेस्ट करायचा, दुसरीकडून युनिकोड मराठी कॉपी करायची. पण फाइलमध्ये नेमका कुठला फॉन्ट आहे ते आधी बघून तोच कन्व्हर्टर वापरा, नाहीतर भेळेची मिसळ होते. आणि बदललेला मजकूर न वाचता पुढे पाठवू नका. कारण सांगतो. कृतिदेवमध्ये ‘कि’ टाइप करताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर, कारण डोळ्याला तशी दिसते, युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचं तर अजून उलटं, जुन्या फॉन्टात ‘कर्म’ म्हणजे क, म आणि शेवटी रफार, युनिकोडमध्ये म्हणजे क, र, पाय मोडल्याची खूण आणि मग म. म्हणजे कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांची जागा पण बदलावी लागते, आणि तो चुकतो तो नेमका इथेच. त्यामुळे सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान पहिल्या वेलांट्या, रफार आणि ‘दुसऱ्या’मधला तो ऱ्या एवढं तरी तपासा. स्मरणिकेत माणसांची आडनावं असतात हो, कुर्लेकरांचं काहीतरी भलतंच झालं तर फोन तुम्हालाच येणार.

आणि बदललेलं नोटपॅडमध्ये सेव्ह करणार असाल आणि कॉम्प्युटर जुना असेल तर सेव्ह अ‍ॅज करून खाली एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कशी साठवायची तिथे, यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडा. जुनं नोटपॅड आपणहून एएनएसआय ही जुनी पद्धत निवडायचं, त्यात मराठीला जागाच नाही, ते एकदा इशारा द्यायचं, आपण घाईत ओके म्हणायचो, आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की नुसती प्रश्नचिन्हं. ती प्रश्नचिन्हं परत मराठी होत नाहीत, कुठलाही कन्व्हर्टर आणा. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये नोटपॅड आपणहूनच यूटीएफ-८ घेतं.

पीडीएफमधून मराठी कॉपी केली की काना-मात्रा विखुरतात ते दुखणं याचंच भावंड, कारण पीडीएफला अक्षर कुठे छापायचं ते माहीत असतं, शब्द काय आहे ते बरेचदा माहीत नसतं. तिथे कॉपीचा नाद सोडा, पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा, ते पानाकडे चित्रासारखं बघून अक्षरं ओळखतं, छपाई स्वच्छ असेल तर बऱ्यापैकी काम होतं.

म्हापशाहून एक कॉलेजवाला: लॅबमध्ये लिनक्स आहे, माउसचं चाक दाबलं की आपोआप काहीतरी पेस्ट होतं. व्हायरस?

व्हायरस नाही रे. लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या त्या सिस्टिममध्ये, दोन खिसे असतात, एक आपला नेहमीचा कंट्रोल-सीवाला आणि दुसरा असा की नुसतं सिलेक्ट केलं तरी त्यात येतं आणि चाक दाबलं की पडतं. सवय झाली की फार सोयीचं. फक्त ज्या प्रोग्राममधून कॉपी केलंस तो बंद केलास तर काही ठिकाणी कॉपी केलेलं पण त्याच्याबरोबर जातं, म्हणून पेस्ट होईपर्यंत बंद करू नकोस.

अकोल्याहून बँकेतून निवृत्त झालेल्या एक वाचक: झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रिंट काढायला गेले होते. तिथल्या मुलाने विंडोज-व्ही दाबलं तर दिवसभरातल्या गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते, एक तर पासवर्डपण! हे बरोबर आहे का?

बरोबर अजिबात नाही मावशी. मी वर हिस्टरी चालू करा म्हटलं ते स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी. दुकानात, सायबर कॅफेत, ऑफिसच्या सामायिक मशीनवर काही कॉपी केलंत तर उठायच्या आधी विंडोज-व्ही दाबा आणि क्लिअर ऑल करा, पिन केलेलं त्याने जात नाही तेवढं वेगळं डिलीट करायचं. पुष्कळ जण शेवटी एखादं फालतू अक्षर कॉपी करून समजतात की झालं पुसून. एकाच जागेचा क्लिपबोर्ड होता तेव्हा ते खरं होतं, हिस्टरी चालू असेल तर मागचे चोवीस तसेच बसलेले असतात. घरच्या कॉम्प्युटरवर पण सेटिंग्ज, सिस्टिम, क्लिपबोर्ड इथे जाऊन दुसऱ्या डिव्हाइसवर पाठवायचं बटण बंद आहे ना ते बघा, गरज नसेल तर कशाला चालू ठेवायचं. आणि पैसे पाठवताना अकाउंट नंबर पेस्ट केला तरी शेवटचे चार आकडे तोंडाने म्हणून ताडून बघा, आधीचंच काहीतरी पेस्ट होण्याचे किस्से मला दर महिन्याला येतात. तुम्ही तर बँकेत होतात, तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असतील.

लातूरहून नववीतला एक मित्र: कॉपी-पेस्ट कोणी शोधलं?

लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी, १९७० च्या दशकाच्या मध्यात, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात, जिप्सी नावाच्या प्रोग्रामसाठी. गंमत म्हणजे तो प्रोग्राम पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेच्या संपादकांसाठी होता, आणि संपादक तेव्हा खरोखर कात्रीने कागद कापून दुसरीकडे चिकटवायचे, म्हणून शब्द पण तेच राहिले, कट आणि पेस्ट. आपल्याकडे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, येण्याआधी मासिकांची पानं अशीच लागायची, एक ओळ सुटली तर पेस्टिंगवाला ती टेबलाखाली शोधत बसायचा. त्याला कंट्रोल-झेड नव्हतं. टेस्लर २०२० मध्ये वारले.

पुण्याहून डबे पुरवणाऱ्या एक ताई: रोज तीस-चाळीस जणांना तोच मजकूर पाठवते, मेनू, दर, पैसे कुठे पाठवायचे. दर वेळी फाइल उघडून कॉपी. काही सोपं?

विंडोज-व्ही दाबा, त्या मजकुरापुढे पिनची खूण आहे ती लावा, मग रीस्टार्ट झालं तरी तो तिथेच. मेनू रोज बदलतो तो पिन करू नका, फक्त दर आणि पैशांचं एवढंच. फोनवर जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड असेल तर त्याच्या क्लिपबोर्डमध्ये पण पिन आहे, न लावलेलं तासाभरात निघून जातं. २५ पेक्षा जास्त मजकूर सांभाळायचे असतील तर डिट्टो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो सगळं डिस्कवर साठवतो, महिन्यापूर्वीचं पण शोधून देतो. मात्र साठवतो म्हणजे चुकून कॉपी झालेला पासवर्ड पण साठवतो, तेवढं ध्यानात ठेवून वापरा. आणि अजून एक, विंडोजमधला पिन केलेला मजकूर एडिट होत नाही, त्यामुळे डब्याचे दर वाढवाल तेव्हा नवीन टाइप करून तो पिन करा आणि जुना त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर अर्ध्या गिऱ्हाइकांना जुना भाव जाईल आणि ते तो सोडणार नाहीत.