जुनं पाचिंको मशीन आणलंय, छर्रे वर जातच नाहीत आणि खिळेही वाकडे दिसतात. दुरुस्ती कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत गराज सेलमधून सत्तरीच्या दशकातलं निशिजिन कंपनीचं मशीन आणलं, समोरच्या ताटात छर्रे ओतले, खटका दाबून सोडला, पण एकही छर्रा उडायच्या जागी येत नाही. (पाचिंको म्हणजे खिळ्यांच्या उभ्या फळीवर पोलादी छर्रे उडवून ते बक्षिसाच्या कप्प्यांत पाडायचा जपानी खेळ.) पेचकस हातात घेण्याआधी मशीन वळवून पाठ बघा. वरच्या बाजूला एक उघडी टाकी दिसेल. ती रिकामी असणार, आणि माझ्या मते तुमचा निम्मा बिघाड तिथेच आहे.

ही मशिनं घरासाठी बनलेलीच नव्हती. जपानमधल्या पाचिंको पार्लरमध्ये, म्हणजे या खेळाच्या दुकानांत, ती ओळीने भिंतीसारखी बसवलेली असत आणि छर्रे मागून पुरवले जात. जिंकणाऱ्याला द्यायला मागे माल नसेल तर खेळ घ्यायचा नाही, असा दुकानाचा साधा हिशोब. म्हणून बऱ्याच मशिनांत टाकीतल्या छर्‍यांच्या वजनाने एक तरफ दबलेली राहते. वजन गेलं की ती उठते, पुढचा दिवा लागतो आणि समोरच्या छर्‍यांची वाट अडते. टाकी आणि तिच्याखालची पन्हळ पूर्ण भरा, मग परत खटका दाबा.

छर्रे ११ मिलिमीटरचेच हवेत. अमेरिकेत ७/१६ इंची बेअरिंगचे छर्रे सहज मिळतात, पण ते ११.११ मिमी भरतात. एकटा छर्रा चालून जाईल. पण बक्षिसाचे छर्रे हे मशीन आकड्याने मोजत नाही, पन्हळीतल्या रांगेच्या लांबीने मोजते. १० छर्‍यांच्या रांगेत हा फरक मिलिमीटरच्या वर जातो आणि रांग अडकते.

आता समजून घ्यायचंच असेल तर एक छर्रा बोटाने बक्षिसाच्या कप्प्यात टाका आणि मागे जाऊन त्याचा प्रवास बघा. तो खिळ्यांच्या फळीच्या भोकातून मागच्या प्लास्टिकच्या नळीत येतो, घरंगळत एका तरफेवर पडतो, त्याच्या पाच-साडेपाच ग्रॅम वजनाने ती झुकते, घंटा वाजते आणि अडवून ठेवलेली रांग खालच्या ताटात सुटते. यात मोटर नाही, सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. म्हणूनच धूळ, गंज आणि चिकट तेल हे या मशीनचे खरे शत्रू. कुणी ‘थोडं तेल मार’ म्हणालं तर ऐकू नका. छर्‍यांच्या वाटेवर तेल गेलं की धूळ बसते आणि महिन्याभरात लापशी होते. पन्हळी कोरड्या फडक्याने पुसा. गंजलेले छर्रे व्हिनेगरमध्ये भिजवून, धुऊन, लगेच कोरडे करून घासा. त्यांवर कोरलेल्या खुणा नीट बघा, त्या पार्लरच्या असतात. एकाच मशीनमध्ये वेगवेगळ्या खुणांचे छर्रे निघाले, तर ते नंतर कुणीतरी गोळा करून भरलेत असं समजा.

खिळ्यांचं मात्र कृपा करून काही करू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या नागोया शहरातल्या मासामुरा ताकेइची यांनी खिळ्यांची आणि भिंगऱ्यांची जी मांडणी रूढ केली, तिच्यावरच पुढची मशिनं उभी राहिली. पितळी खिळे मुळातच किंचित वरच्या अंगाला कललेले ठोकतात. त्याशिवाय पार्लर बंद झाल्यावर तिथला खिळेवाला हातोडी घेऊन फिरायचा आणि कप्प्यावरच्या दोन खिळ्यांमधली फट केसभर वाढवायचा किंवा कमी करायचा. दुकानाला किती सुटायचं ते त्या फटीवर ठरे. तेव्हा तुम्हाला जे वाकडं दिसतंय ते बहुधा कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे. जिथे छर्रा दोन खिळ्यांत अडकून बसतो, तेवढाच खिळा हलवा. ब्रासो लावायचं तर कापसाच्या काडीने, खिळ्यापुरतं. फळीवरच्या छापील चित्राला लागू देऊ नका, आणि पाणी तर अजिबात नको, खाली प्लायवुड आहे.

फुलासारखे उघडणारे कप्पे, म्हणजे ट्यूलिप, १९६० च्या सुमारास आले. छर्रा आत गेला की पाकळ्या उघडतात, पुढचा गेला की मिटतात. एखादं उघडंच राहत असेल तर मागची तार वाकलेली आहे का बघा. पाकळ्या ओढू नका, इतक्या वर्षांचं प्लास्टिक काचेसारखं तुटतं. तुटलंच तर फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद नको, त्याच्या वाफेने आसपासचं पारदर्शक प्लास्टिक पांढरं पडतं. दोन नळ्यांचा एपॉक्सी वापरा.

वीज फक्त दिव्यांसाठी लागते. बल्बवरचा व्होल्ट वाचून तेवढाच छोटा अडॅप्टर लावा, भिंतीतली वीज थेट कधीच नाही. मागे कागदी लेबलावर शोवा साल (जपानी कालगणनेतलं वर्ष) सापडलं तर त्यात १९२५ मिळवा: ४८ म्हणजे १९७३.

उभं करताना ओळंबा लावून बघा. वरची बाजू किंचित मागे कललेली हवी. पुढे झुकलं तर छर्रे काचेवर आपटत राहतात, फार मागे गेलं तर फळीवरून आळसटत येतात. हुकलेले छर्रे मागच्या तळातून बाहेर पडतात, तिथे एक डबा ठेवा, नाहीतर सगळी खोली शोधत बसाल. एवढं करूनही रांग सुटत नसेल, तर त्या झुकणाऱ्या तरफेचा जवळून फोटो टाका. परत वर येताना ती कुठे घासते ते त्यात दिसेल.