मनात शंका असताना आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी काय?

प्रश्न : मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मंडळीत (चर्चमध्ये) सहायक पाळक (धर्मगुरू) आहे. गेल्या वर्षी आमच्या मंडळीतील एका तरुण बहिणीला कर्करोग झाला. तिच्यासाठी साखळी-उपास झाले, घरोघरी प्रार्थना झाल्या, मी स्वतः अनेकदा तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तरीही ती प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. दफनविधीनंतर तिच्या एका नातेवाइकाने सर्वांसमक्ष म्हटले की, पाळकांचाच विश्वास कमी पडला. तेव्हापासून आजाऱ्याच्या खाटेजवळ उभा राहिलो की तोंडाने शब्द निघतात, पण आतून वाटत राहते की काही होणार नाही. आता डायलिसिसवर असलेल्या एका वयस्कर सभासदाच्या घरून प्रार्थनेचे बोलावणे आले आहे. संशय धरणाऱ्याने प्रभूपासून काही मिळेल असे समजू नये, असे बायबलातील आपल्या पत्रात याकोब सांगतो. मग मी प्रार्थना करणे हा ढोंगीपणा नव्हे काय? हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे काय?

उत्तर : पाळकसाहेब, ख्रिस्तात सप्रेम सलाम. बोलावणे स्वीकारा आणि जा. एवढे आधीच सांगून टाकतो, कारण त्या घरी आपली वाट पाहिली जात आहे.

याकोबाच्या पत्रातील ज्या वचनाने आपल्याला घेरले आहे, ते पहिल्या अध्यायातले आहे आणि तिथे विषय ज्ञान मागण्याचा आहे. एक पाय देवाकडे आणि दुसरा जगाकडे ठेवणाऱ्या द्विबुद्धीच्या माणसाला तिथे लाटेची उपमा दिली आहे. मागावेसे वाटते पण मागताना काळीज कापते, अशा माणसाविषयी ते बोलणे नाही. आजाऱ्यांविषयी याकोब पाचव्या अध्यायात बोलतो आणि तिथली व्यवस्था निराळी आहे. दुखणाइताने मंडळीच्या वडीलजनांना, म्हणजे तिची जबाबदारी वाहणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवायचे, आणि त्यांनी मिळून, प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करायची. या सेवेला एकट्याने जावे असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. आपल्याकडे मात्र सगळा भार एका पाळकाच्या खांद्यावर टाकण्याची रीत पडली आहे आणि ती मला मुळीच योग्य वाटत नाही. आपण मंडळीतील दोन वडीलजनांना बरोबर न्या. ज्या दिवशी आपले मन भरून येऊन शब्द फुटणार नाही, त्या दिवशी त्यांच्यापैकी एकाने प्रार्थना करावी आणि आपण 'आमेन' म्हणावे. तीही विश्वासाचीच प्रार्थना होय.

आता मार्काच्या नवव्या अध्यायातील त्या बापाकडे पाहा. आपला मुलगा लहानपणापासून विस्तवात आणि पाण्यात पडत आला आहे, हे सांगून तो प्रभू येशूला म्हणतो की, आपल्या हातून काही होण्यासारखे असेल तर आमच्यावर दया करा. त्याच्या विनंतीतच 'असेल तर' आहे. विश्वासाची गोष्ट निघताच तो रडत ओरडतो की, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. आधी अविश्वास संपवून ये, मग पाहू, असे प्रभू त्याला म्हणत नाही. मुलगा त्याच घटकेला बरा होतो.

त्या प्रसंगाची दुसरी बाजू त्या बहिणीच्या नातेवाइकाच्या बोलण्याशी जोडून पाहण्यासारखी आहे. त्याच मुलाच्या बाबतीत थोड्याच वेळापूर्वी शिष्यांनी प्रयत्न केला होता आणि शास्त्र्यांच्या व लोकसमुदायाच्या देखत ते अपयशी ठरले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू त्यांना अल्पविश्वासाबद्दल बोलतो हे खरे आहे, आणि ते मी लपवणार नाही. पण हे बोलणे एकांतात होते, आणि मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरेल हे त्याला जोडूनच सांगितले जाते. मुलगा आधी बरा झाला नाही याचा दोष प्रभूने मुलाला दिला नाही, बापालाही दिला नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, आजारी मनुष्य बरा झाला नाही तर त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या विश्वासावर बोट ठेवण्याचा अधिकार मंडळीत कोणालाही नाही. मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या विश्वासाचे माप काढणे हे क्रौर्य आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायातील मंडळीचेही स्मरण ठेवा. पेत्र तुरुंगात असताना ती त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करत होती, आणि तो सुटून दाराशी आल्याचे रुदा नावाच्या मुलीने सांगितले तेव्हा त्याच प्रार्थना करणाऱ्यांनी तिला वेडी ठरवले. पेत्र बाहेर दार ठोठावत राहिला. त्यांची प्रार्थना ऐकली गेली होती.

आणि जे बरे झाले नाहीत त्यांचे काय? सोबती त्रफिम आजारी पडला म्हणून पौलाने त्याला मिलेत शहरात ठेवले. तीमथ्याला त्याने पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. स्वतःच्या शरीरातील काट्यासाठी, म्हणजे सतत छळणाऱ्या व्यथेसाठी, त्याने तीनदा विनंती केली आणि काटा तसाच राहिला. आपल्याच प्रांतातले पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे आयुष्य डोळ्यांसमोर आणा. 1905 साली त्यांनी निराधार स्त्रियांसाठी चालवलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेली आध्यात्मिक जागृती त्यांच्या आणि तिथल्या मुलींच्या प्रार्थनांशी जोडलेली आहे. त्याच रमाबाईंना, जिच्या हाती काम सोपवायचे त्या आपल्या मुलीचा, मनोरमेचा, मृत्यू 1921 साली पाहावा लागला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. रमाबाईंचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याचे धाडस कोण करील? का, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर मजजवळ नाही.

मात्र या अनुभवांमुळे आपली प्रार्थना गुळमुळीत होऊ देऊ नका. अशा अनुभवांनी पोळलेला पाळक हळूहळू फक्त डॉक्टरांना ज्ञान आणि कुटुंबाला धीर मागू लागतो. या मागण्या चांगल्याच आहेत, पण आजाऱ्याने बोलावले आहे ते बरे होण्यासाठी, आणि त्याला आपल्या तोंडून ते ऐकायचे असते. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने आधी सरळ मागितले की, हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर. पित्याच्या इच्छेला स्वतःला सोपवणे त्यानंतर आले. हा क्रम पाळा. 'प्रभू, आमच्या या भावाला बरे कर' असे स्पष्ट म्हणा, थोडा वेळ थांबा, आणि मग त्याला देवाच्या हाती सोपवा.

ढोंगाविषयी आपण विचारले आहे. मनात नसलेली खात्री चढ्या आवाजात दाखवणे, 'तू बरा झालास, गोळ्या बंद कर' असे सांगणे हे ढोंग आहे, आणि त्याने माणसे दगावतात. 1894 साली मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले ते याच प्रभूच्या नावाने. औषध आणि प्रार्थना यांत वैर मानण्याची आपल्या मंडळ्यांची परंपरा नाही. घरच्यांनी दारात गाठून विचारले की, 'हे बरे होतील ना?', तर म्हणा, 'ते मला ठाऊक नाही. आपण प्रभूकडे मागतो आहोत आणि मागत राहू. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.' आणि खरोखर जा.

आपल्या पत्रात मला शंकेपेक्षा दुःख अधिक दिसते. त्या बहिणीला आपण मातीआड केले, वर सर्वांसमोर दोष घेतला, आणि लगेच पुढच्या रविवारच्या उपदेशाला लागला असाल. वरिष्ठ पाळकांना किंवा विश्वासू मित्राला हे सर्व सांगा. दर आठवड्याला कोणीतरी आपल्याही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी. ज्या नातेवाइकाने ते शब्द उच्चारले, त्याच्या घरीही एकदा जाऊन या. वाद घालू नका आणि स्पष्टीकरण देऊ नका; त्या मुलीची आठवण काढा.

राहता राहिली डायलिसिसची गोष्ट. ज्या दिवशी डायलिसिस असते त्या संध्याकाळी रुग्ण गळून गेलेला असतो, म्हणून भेट दुसऱ्या दिवशी ठेवा आणि ती पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असेल तर तो हात दाबून धरू नका. कपाळाला तेलाचे बोट पुरेसे आहे. अशा रुग्णांना पाणी मोजून दिले जाते, तेव्हा प्रार्थना केलेले पाणी पेलाभर पाजण्याचा आग्रह कोणी धरल्यास त्याला थांबवा. नारळपाणी आणि फळे प्रेमाने आणली जातात, पण त्यांतील पोटॅशियम अशा रुग्णाला धोक्याचे ठरू शकते, हेही भेटीला येणाऱ्यांना सांगून ठेवा. आणि रुग्णाकडून उपास मुळीच करवून घेऊ नका. उपास धरायचाच असेल तर तो आपण आणि बरोबरच्या वडीलजनांनी धरावा.