गणपतीपुळ्याला मुलांसोबत चार दिवस समुद्रावर जातोय. तिथली संग्रहालयं बघण्यात एक दिवस घालवावा का?

जरूर घालवा. मी मूळचा रत्नागिरीचा. आता पुण्यात असलो तरी दर मे महिन्यात घरी जातो आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच सांगतो.

तुम्ही लिहिलंय की मुलं आठ आणि तेरा वर्षांची आहेत आणि त्यांना पाण्यातून बाहेर काढणं कठीण असतं. मग काढूच नका. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर समुद्रावरच राहा. मधे वाळू पायाला चटके देते, जेवणं झाली की मुलं खोलीत मोबाइल घेऊन लोळतात. तो वेळ या कामी लावा. (आणि गणपतीपुळ्याला मुलांना गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ देऊ नका. तिथला समुद्र दिसतो तितका साधा नाही, चांगले पोहणारेही तिथे बुडालेत.)

एकच ठिकाण करायचं असेल तर थिबा राजवाडा करा. आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी साधारण २५ किलोमीटर आहे, जाताना बराच वेळ उजव्या हाताला समुद्र असतो. त्या रस्त्यावरच मुलांना गोष्ट सांगून टाका, म्हणजे वाड्यात शिरताना त्यांच्या डोक्यात माणूस तयार असेल.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली, त्याला गादीवरून उतरवलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये राणी आणि लहान मुलींसकट रत्नागिरीला आणून ठेवलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. रत्नागिरीच का? इथे रेल्वे नव्हती, पाठीशी सह्याद्री, यायचं तर आगबोटीने, आणि पावसाळा लागला की आगबोटीही बंद. म्हणजे ज्या पाण्यात तुमची मुलं डुंबणार आहेत तीच त्याच्या कैदेची भिंत होती. हे वाक्य मी माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती गाडीच्या खिडकीतून समुद्राकडे किती तरी वेळ नुसती बघत राहिली.

राजवाडा तयार व्हायला १९१० उजाडलं. तोवर चोवीस वर्षं हे कुटुंब बंगल्यांत राहिलं. वाड्यात थिबाला जेमतेम सहा वर्षं मिळाली, डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. आता या वाड्यातच सरकारचं प्रादेशिक संग्रहालय आहे. मांडलेल्या वस्तू बघताना मुलं कंटाळली तर त्यांना ओढून नेऊ नका. खरी बघायची आहे ती इमारत. जांभ्या दगडाच्या भिंती, सागवानी काम, अर्धवर्तुळाकार खिडक्या. बाहेर पडल्यावर जवळच्या थिबा पॉइंटवर जा, खाली भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते. तिथे माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, त्याचा देश कुठल्या बाजूला?" तिला वाटलं समुद्रापलीकडे. मी तिला उलटं फिरवून पाठीमागच्या डोंगराकडे हात केला. समुद्राकडे बघायचं तर त्या माणसाला आपल्या देशाकडे पाठ करावी लागत होती.

तेरा वर्षांच्या मुलासाठी या गोष्टीचा पुढचा अर्धा भाग रत्नागिरीतच, टिळक आळीत आहे. लोकमान्यांचं जन्मघर तिथे जपून ठेवलंय. १८५६ मध्ये ते तिथे जन्मले आणि १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि त्याच वेळी रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत. मला हे वडिलांनी टिळकांच्या घरासमोर उभं करून सांगितलं होतं. तोवर थिबा आणि टिळक या माझ्यासाठी एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी होत्या. त्या दिवशी आपलं गाव मला पहिल्यांदा मोठं वाटलं. म्हणून म्हणतो, ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी बघा, आणि याच क्रमाने.

शिवाजीनगर भागात थिबाची समाधी आहे, वेळ उरला तर पाच मिनिटं थांबा. थिबा गेल्यावर राणी आणि मुली ब्रह्मदेशात परतल्या, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली. तिची मुलगी टुटू मराठी बोलत, अगदी साध्या परिस्थितीत इथेच म्हातारी झाली आणि २००० मध्ये वारली. आमच्या गावात तिला पाहिलेली माणसं अजून आहेत. ब्रह्मदेशच्या राजाची नात आमच्या बाजारात भाजी घ्यायची, हे मला अजूनही गलबलून टाकतं.

धाकट्यासाठी वेगळा दिवस काढायची गरज नाही. गणपतीपुळ्यातच 'प्राचीन कोकण' म्हणून उघड्यावरचं संग्रहालय आहे. जुन्या कोकणातल्या गावगाड्यातले बारा बलुतेदार, त्यांची घरं, अवजारं, सगळं माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून दाखवलंय. आठ वर्षांचं मूल तिथे तासभर सहज रमतं. रत्नागिरीत झाडगावला मत्स्यालय आहे, तिथला देवमाशाचा सांगाडाही त्याला आवडेल.

आणि मालगुंड चुकवू नका, गणपतीपुळ्याहून दोन-तीन किलोमीटरच आहे. केशवसुत १८६६ मध्ये जिथे जन्मले ते घर आणि त्याला लागून त्यांचं स्मारक. शेणाने सारवलेली जमीन, बाहेर माडपोफळी. मुलांना कविता नाही कळली तरी चालेल. घर बघू द्या, मोठ्याला एखादी कविता मोठ्याने वाचायला लावा.

फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी थिबा राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं. तुमचे चार दिवस शनिवारपासून असतील तर रत्नागिरीची फेरी रविवारीच उरका.