एलपार सांभाळायला नेमकं काय घ्यावं: एचएमसी, आयव्हीएम की नोव्हालिंक?

तुम्ही लिहिलंय की आयबीएमचे दोन पॉवर९ सर्व्हर येतायत, मिळून आठ-नऊ एलपार (एकाच सर्व्हरचे पाडलेले स्वतंत्र भाग, म्हणजे पार्टिशन) होतील, आणि तुमचे साहेब 'एचएमसीचा, म्हणजे एलपार बाहेरून सांभाळणाऱ्या यंत्राचा, वेगळा खर्च कशाला' म्हणून अडून बसलेत. हा 'कशाला' मी बरीच वर्षं ऐकलाय, म्हणून लिहायला बसलो.

आयव्हीएम, म्हणजे वेगळ्या यंत्राशिवाय सर्व्हरवरूनच एलपार सांभाळायची जुनी सोय, हा विषय आधी संपवू. पॉवर९वर तो चालतच नाही. जुन्या मशिनवर होता तेव्हाही एकच व्हीआयओएस (बाकीच्या एलपारना डिस्क-नेटवर्क वाटून देणारं पार्टिशन), डिस्क-नेटवर्कची सगळी कार्डं त्याच्या ताब्यात. तो आडवा झाला की सगळेच आडवे. नोव्हालिंक सर्व्हरवरच एका लिनक्स पार्टिशनमध्ये बसतो. पॉवरव्हीसी या आयबीएमच्या क्लाउड-टूलखाली रोज ढिगानं व्हीएम (व्हर्च्युअल मशिन) उभे करणार असाल तर त्याचा उपयोग. आठ-नऊ एलपारला एचएमसी घ्या.

आता माझं दुखणं. मी तेव्हा एका बँकेच्या डेटा सेंटरला होतो. डिसेंबरात डेटाबेसच्या एलपारला मेमरी पुरेना. एचएमसीवरून डीएलपार (एलपार बंद न करता मेमरी-प्रोसेसर बदलणं) केलं, चालू मशिनमध्येच ३२ जीबीचे ६४ केले. पाच मिनिटांचं काम. डीबीएनं (डेटाबेस सांभाळणाऱ्यानं) खूश होऊन एसजीए, म्हणजे डेटाबेसनं स्वतःसाठी धरलेली मेमरी, ४० जीबीवर नेला. मधे दोनदा एआयएक्स (एलपारवरची ऑपरेटिंग सिस्टिम) रीबूट झालं, तरी ६४ची ६४च. कुणाला शंका येणार?

मार्चमध्ये एका शनिवारी रात्री सर्व्हरच्या फर्मवेअरचं (आतल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट होतं. एलपार पूर्ण बंद, सर्व्हर बंद-चालू, आणि मी नेहमीसारखं ॲक्टिव्हेट करताना यादीतलं एकमेव प्रोफाइल (एलपारला किती मेमरी-प्रोसेसर द्यायचे याची जतन केलेली नोंद) निवडलं, 'नॉर्मल' नावाचं. दोन वाजून वीस मिनिटांनी डीबीएचा फोन: डेटाबेस उठत नाहीये. बघतो तर मेमरी ३२. डीएलपारचा बदल चालू एलपारला लागतो, प्रोफाइलमध्ये आपोआप उतरत नाही. नुसत्या रीबूटला प्रोफाइल वाचलंच जात नाही. पूर्ण बंद करून प्रोफाइलवरून उठवलं की वाचलं जातं. जमिनीचा व्यवहार झाला पण सातबाऱ्यावर फेरफार नाही, तसला प्रकार. 'सध्याच्या कॉन्फिगरेशननं सुरू करा' हा पर्याय त्याच खिडकीत होता, मी बघितला नाही. ती चूक माझी, मान्य.

बरं, परत डीएलपार करू म्हटलं तर आरएमसी, म्हणजे त्यासाठी लागणारा एचएमसी आणि एलपारमधला संपर्क, तुटलेलं. जानेवारीत फायरवॉलवाल्यांनी साफसफाई करताना त्याचा ६५७ पोर्ट बंद केला होता, कुणाला न सांगता. मग परत एलपार बंद, प्रोफाइल हातानं दुरुस्त, परत चालू. स्वेटर घालून रॅकसमोर उभा होतो, तरी पाठ घामानं ओली.

अहवालात दोन शब्द आले: 'मानवी चूक'. आणि मी आधीच्या ऑगस्टमध्ये मेल केला होता की बदल आपोआप प्रोफाइलमध्ये जतन होण्याची सेटिंग चालू करू या. आमच्या तिथल्या साहेबांचं उत्तर आलं, 'प्रोफाइलला हात लावायचा नाही, ते व्हेंडरनं करून दिलंय.' तो मेल माझ्याकडे अजून आहे. वर त्याच साहेबांनी बैठकीत निष्कर्ष काढला की एचएमसी बेभरवशाचा, टूल बदला. अहो, २०११मध्ये खुद्द आयबीएमनं त्याच्या जागी एसडीएमसी नावाचा नवा कन्सोल आणून बघितला. तो गेला, एचएमसी आहे.

तेव्हा टूल निवडण्यात महिना घालवू नका. बदल प्रोफाइलमध्ये जतन करणारी ती सेटिंग पहिल्या दिवशी प्रत्येक एलपारला चालू करा. चालू मेमरी-प्रोसेसर आणि प्रोफाइलमधले आकडे महिन्यातून एकदा कमांड लाइनवर शेजारी-शेजारी ठेवून बघा. माउसवाल्यांना हा फरक कधी दिसत नाही. प्रोफाइलमधला कमाल मेमरीचा आकडाही सुरुवातीलाच ऐसपैस ठेवा, कारण डीएलपार त्याच्या वर जाऊ देत नाही आणि तो वाढवायचा तर एलपार बंद करावा लागतो. आणि एचएससीरूटचा (एचएमसीच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड एबीसी१२३ असेल तर आजच बदला. हसू नका, मी पाहिलाय.

तुमच्या साहेबांसाठी एक राहिलं. वेगळा डबा नको असेल तर व्हर्च्युअल एचएमसी येतो, तुमच्या आहे त्या एक्स८६च्या (साध्या इंटेल-एएमडी सर्व्हरच्या) व्हीएमवर बसतो. पॉवरवरही बसवता येतो, फक्त ज्या सर्व्हरवर बसवाल तोच त्याच्याकडून सांभाळून घेता येत नाही. एचएमसी बंद पडला तर एलपार बंद पडत नाहीत, हेही त्यांना सांगा. एलपार प्रत्यक्ष चालवणारा हायपरवायझर सर्व्हरच्या फर्मवेअरमध्ये असतो. अर्थात एकाच सर्व्हरवर एकच पार्टिशन चालवणार असतात, तर यातलं काहीच लागलं नसतं.