किडनी कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पहिल्या फॉलोअपला जाताना काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की उजवी किडनी दुर्बिणीतून पूर्ण काढून तीन आठवडे झाले, थकवा हटत नाही, परवाच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.५ आलंय आणि पुढच्या आठवड्यात सर्जनना भेटायचंय. माझंही हेच ऑपरेशन झालंय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. तेवढं धरून वाचा.

आधी त्या १.५ बद्दल, कारण झोप त्यानेच उडालेली दिसतेय. लॅब जी नॉर्मल रेंज छापते ती दोन किडन्या असलेल्या माणसांची. एक काढली की क्रिएटिनिन वर जाणार आणि ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते याचा अंदाजे आकडा) खाली येणार, हे सर्जननी ऑपरेशनआधीच गृहीत धरलेलं असतं. पण ईजीएफआर सहसा अगदी निम्म्यावर येत नाही. उरलेली किडनी हळूहळू थोडी मोठी होते, जास्त रक्त गाळायला लागते, आणि हे सगळं बसायला काही आठवडे, कधी महिने जातात. म्हणून एकट्या १.५ वरून काहीच ठरत नाही. ऑपरेशनआधी किती होतं, डिस्चार्जच्या दिवशी किती होतं आणि आता किती आहे, हे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. आकडा एका जागी थांबलाय की चढतोच आहे, हे डॉक्टरांना त्यातून कळतं. तुमची रेंज आता तुमच्याच जुन्या रिपोर्टांवरून ठरणार.

ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर कुणीतरी 'क्रॉनिक किडनी डिसीज' (किडनीचा दीर्घकाळ चालणारा आजार) हे शब्द तुमच्या कानावर घालेल. त्या निदानासाठी किडनीची ती स्थिती किमान तीन महिने टिकलेली असावी लागते. तीन आठवड्यांच्या रिपोर्टावरून स्वतःला ते नाव लावून घेऊ नका. लघवीतलं प्रोटीन कधी तपासायचं ते मात्र विचारा. आणि रोज नाही तरी एक दिवसाआड ठरलेल्या वेळी बीपी मोजून त्याच कागदावर लिहा; उरलेल्या किडनीचं सर्वांत जास्त नुकसान वाढलेलं बीपी आणि बेशिस्त शुगर करतात.

थकव्याचं म्हणाल तर पोटावरच्या चार छोट्या भोकांकडे बघून घरच्यांना वाटतं, एवढंसं तर झालंय. आतून मात्र एक आख्खा अवयव काढलेला असतो. मला दुपारी अंथरुणाला पाठ टेकल्याशिवाय दिवस पुढे ढकलता येत नसे, आणि हे बरेच आठवडे चाललं. एकदम लांब चालण्यापेक्षा दिवसातून चार वेळा थोडं थोडं चालणं मला मानवलं. खोकला किंवा शिंक आली की पोटावर उशी घट्ट दाबून धरायची. चार-पाच किलोच्या वरचं काही साधारण सहा आठवडे उचलू नका असं बहुतेक सर्जन सांगतात. लहान मूल त्यात धरलेलं असतं, हे घरात आधीच सांगून ठेवा. पोट साफ ठेवा, कुंथणं टाळा. जखमेभोवती बधिरपणा असेल तर त्याची फार काळजी नको, कातडीतल्या नसा दुखावल्यावर तो राहतो. थकवा मात्र फॉलोअपला आवर्जून सांगा. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यावर उपाय आहे, 'ऑपरेशननंतर होतंच' म्हणून सोडून देऊ नका.

आता खरी तयारी. हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट तोवर आलेला असायला हवा. त्याची पूर्ण प्रत मागून घ्या, डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ पुरेशी नाही. पेशींचा प्रकार कोणता (क्लिअर सेल सगळ्यांत जास्त आढळतो), गाठ किती सेंटिमीटरची, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते) १ ते ४ पैकी कितवी, भोवतालच्या चरबीत किंवा शिरेत शिरली होती का, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नाहीत ना, हे सगळं त्यात असतं. गाठ ७ सेंटिमीटरपर्यंत आणि किडनीपुरतीच असेल तर ती टी१ स्टेज. चरबीत किंवा शिरेत गेलेली असेल तर टी३ स्टेज. पुढचं सगळं वेळापत्रक यावर हलतं. लवकरच्या स्टेजला बऱ्याचदा फक्त लक्ष ठेवतात. नेहमीची केमोथेरपी या कॅन्सरवर फारशी चालत नाही, त्यामुळे 'तुला केमो कशी दिली नाही?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे सांगून मोकळे व्हा. क्लिअर सेल असून पुन्हा उद्भवण्याचा धोका जास्त असेल तर पेंब्रोलिझुमॅब नावाची इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देता येते. ती ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांच्या आत सुरू करतात, म्हणून ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरतज्ज्ञांना) भेटायची गरज आहे का हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, सहा महिन्यांनी नाही.

प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सगळ्यांत महत्त्वाचा सर्वांत वर ठेवा, कारण वेळ कमी पडतोच. माझा वरचा प्रश्न होता: 'माझ्या रिपोर्टाप्रमाणे धोका कमी, मध्यम की जास्त, आणि त्यानुसार स्कॅन कधी कधी?' पोटाबरोबर छातीचंही स्कॅन सांगतात, कारण हा कॅन्सर पसरला तर बहुधा आधी फुप्फुसात जातो. छातीचं स्कॅन सांगितलं म्हणजे तिथे काही सापडलंय असा अर्थ काढू नका. तपासण्यांमधलं अंतर धोक्याप्रमाणे तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत असतं, आणि पाच वर्षं तरी हे चालतं. सीटीच्या आधी एकच किडनी असल्याचं तिथल्या माणसाला तोंडाने सांगा, फाइलमध्ये लिहिलंय यावर विसंबू नका. डायबिटीससाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही. रिपोर्ट कोण सांगणार, फोनवर की भेटीत, हेही ठरवून घ्या. स्कॅन आणि निकालाच्या मधले दिवस मला ऑपरेशनपेक्षा जड गेले आहेत. निदान फोन कधी येणार एवढं माहीत असलं की दर तासाला मोबाइल बघणं थांबतं. सोबत कुणाला तरी न्या आणि लिहून घ्यायचं काम त्यांना द्या.

ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला, एकाच पायाची पोटरी सुजली, अचानक दम लागला, लघवी होईना किंवा जखमेतून पू आला तर अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका, लगेच इमर्जन्सीत जा. (इथे वाचणाऱ्या कुणाच्या किडनीचा फक्त गाठीचा भाग कापून काढलेला असेल, तर लघवीत अचानक लाल रक्त येणं हेही त्यातच, टाके सुकल्यावर आलं तरी.)

दुखण्यावर सध्या काय घेताय ते तुम्ही लिहिलेलं नाही. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक (किडनीवर ताण आणू शकणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या) असेल, किंवा कुणी 'किडनी साफ करणारा' काढा दिलेला असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. आजच सर्जनच्या ऑफिसला फोन करून ते नाव सांगा, आणि शेवटची गोळी कधी घेतली तेही. १.५ चा अर्थ लावताना त्यांना ते लागेल.