पैसे भरूनही ओटीटीवर जाहिराती का दिसू लागल्या?

थोडक्यात सांगायचं तर नुसत्या वर्गणीवर गणित बसेना. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे सुमारे २ लाख ग्राहक घटले, पुढच्या तिमाहीत आणखी जवळपास ९.७ लाख. शेअर धाडकन आपटला. त्याआधी वर्षानुवर्षं ‘आमच्याकडे जाहिराती नाहीत’ असं मिरवणाऱ्या नेटफ्लिक्सच्या सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज यांनी मग भूमिका बदलली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आला. डिस्ने प्लस डिसेंबरमध्ये मागोमाग. पासवर्ड वाटून घेण्यावरची नेटफ्लिक्सची कात्री २०२३ ची, तीही याच गरजेतून आलेली.

ॲमेझॉनने प्राइम व्हिडिओवर जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत केलं ते मला जास्त खटकतं. तिथे स्वस्त प्लॅन आणला नाही. आहे त्याच वर्गणीत जाहिराती घुसवल्या आणि त्या काढायच्या तर वरून पैसे मागितले. म्हणजे टीव्हीला कंटाळून इकडे आलो, तर टीव्हीच मागच्या दाराने आत.

ॲड-ब्लॉकरचं, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, विचाराल तर फारशी आशा ठेवू नका. अनेक सेवा आपल्या सर्व्हरवरच जाहिरात मूळ व्हिडिओच्या प्रवाहात शिवून टाकतात. त्यामुळे ब्लॉकरला कार्यक्रम कुठे थांबला नि जाहिरात कुठे सुरू झाली, हे सहज ओळखता येत नाही.

माझा स्वतःचा उपाय साधा आहे: एका वेळी एकच सेवा घ्यायची, हवं ते बघून झालं की रद्द करायची. वार्षिक प्लॅनच्या मात्र वाटेला जात नाही.