अमीबा, युग्लीना ही नावं आली कुठून?

तुम्ही विचारलंय की तळ्यातल्या एकपेशीय जीवांच्या नावांना काही अर्थ असतो, की ती नुसती पाठ करायची. अर्थ असतो. सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा पाहणाऱ्याला जे दिसलं, ते बहुतेक वेळा नावात उतरलंय.

अमीबाचंच घ्या. 1755 मध्ये न्युरेंबर्गच्या रोझेल या चित्रकाराने त्याचं वर्णन केलं आणि त्याला 'छोटा प्रोटिअस' म्हटलं. प्रोटिअस हा ग्रीक पुराणातला समुद्रदेव. त्याला धरायला जावं तर तो सिंह होतो, साप होतो, पाणी होतो. छद्मपाद, म्हणजे अंगाचे तात्पुरते पायांसारखे फुगवटे, काढत आकार बदलणाऱ्या त्या थेंबाला याहून नेमकं नाव मिळालं नसतं. पुढे जीवांच्या नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने त्याला 'केऑस' या वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, टाकलं. 1822 मध्ये बोरी या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने 'बदल' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नवं वंशनाम दिलं, तेच आजचं अमीबा. 'अमीबा प्रोटिअस' या नावात रोझेलचा देव अजून टिकून आहे.

युग्लीनाचं नाव मला सगळ्यांत बोलकं वाटतं. ते एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1830 मध्ये दिलं. 'यु' म्हणजे चांगला, 'ग्लीने' म्हणजे डोळ्याचं बुबुळ. एवढ्याशा जीवांनाही मोठ्या प्राण्यांसारखे पूर्ण अवयव असतात, अशी त्याची ठाम समजूत होती. त्यांना रंग खाऊ घालून आतल्या अन्नपुटिका (अन्नाच्या इवल्या पिशव्या) रंगल्या की तो त्यांना जठरं म्हणायचा. मग युग्लीनाच्या अंगातला लाल ठिपका दिसल्यावर तो डोळाच ठरला! प्रत्यक्षात हा ठिपका प्रकाश टिपत नाही. कशाभिकेच्या, म्हणजे पोहायच्या चाबकासारख्या धाग्याच्या, बुडाशी प्रकाशसंवेदी भाग असतो, त्यावर तो सावली पाडतो. युग्लीना गिरक्या घेत पोहते, तशी सावली येते-जाते आणि उजेडाची दिशा तिला कळते. समजूत चुकली, तरी त्या ठिपक्याचा उजेडाशी संबंध आहे हे एरेनबर्गने बरोबर हेरलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

बाकीची थोडक्यात सांगतो. व्हॉर्टिसेला म्हणजे छोटा भोवरा, कारण तोंडाभोवतीच्या केसलांनी (केसांसारख्या बारीक तंतूंनी) तो पाण्यात भोवरे उठवतो. पॅरामेशियमचा अर्थ फक्त 'लांबट', आणि इतक्या चपळ जीवाला हे नाव अगदीच फिकं आहे. स्टेंटॉर हा ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर, पन्नास माणसांएवढा आवाज असलेला. हा जीव तुतारीसारखा दिसतो म्हणून ते नाव. निळा स्टेंटॉर तर 2 मिलिमीटरपर्यंत वाढतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यात तो नुसत्या डोळ्यांनीही शोधता येतो.